जमिनीखाली शंभर किलोमीटरवर खरंच 'तळ' आहे का? (भूकंपाच्या लहरी आणि आपल्या प्लेटची जाडी)

काळाकातळ | शनिवार, ११:२०

मागच्या आठवड्यात किल्लारीच्या धाग्यावर कुणीतरी जाता जाता लिहून गेलं, "भारताची प्लेट जेमतेम शंभर किलोमीटर जाड आहे, म्हणून तर ती (उत्तरेकडे, आशियाच्या दिशेने) एवढी पळाली." मी तिथे 'सवडीने लिहितो' म्हणून सटकलो होतो. आज सवड आहे. माझं पोट भूकंपाच्या नोंदी चाळण्यावर चालतं, त्यामुळे थोडं लांबेल. कंटाळा आला तर सरळ प्रतिसादांवर उडी मारा, तिथे नेहमीप्रमाणे जास्त मजा असेल.

माणसाने खणलेलं सगळ्यात खोल भोक रशियात कोला द्वीपकल्पावर आहे, १२,२६२ मीटर. आपल्याकडे कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला खणलेलं विवर ३ किलोमीटरचं. म्हणजे शंभर किलोमीटरवर काय आहे ते डोळ्यांनी बघायचा प्रश्नच नाही. कलिंगड घेताना वाजवून बघतो तसं कानानेच ओळखायचं. फक्त टिचकी आपण मारत नाही. ती जपान मारतं, नाहीतर इंडोनेशिया.

ही विद्या सुरू झाली क्रोएशियातल्या झाग्रेबजवळ. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी कुपा नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला. तिथले शास्त्रज्ञ मोहोरोव्हिचिच यांनी वेगवेगळ्या केंद्रांवरच्या नोंदी मांडल्या, तर काही ठिकाणी पी लहर (भूकंपाची सगळ्यात जलद, आधी पोचणारी लहर) दोनदा आलेली. एक वरवरच्या रस्त्याने, दुसरी खाली जाऊन जलद खडकातून वळसा घालून. वळसा घालणारी आधी पोचली, जसं गावातल्या रस्त्यापेक्षा लांबचा बायपास लवकर पोचवतो. तीच शाळेतली 'मोहो विलगता'. त्यांनी तिची खोली ५४ किमी धरली होती. पश्चिम महाराष्ट्रात ती ३५ ते ४० किमीवर आहे.

पण मोहो म्हणजे प्लेटचा तळ नव्हे. हा घोळ पाठ्यपुस्तकापासून सुरू होतो. मोहोच्या वर कवच, खाली प्रावरण, आणि खडकच वेगळा. प्लेट म्हणजे कवच अधिक त्याला घट्ट चिकटलेला प्रावरणाचा वरचा थर. याला शिलावरण म्हणतात. त्याखाली दुर्बलावरण. या दोघांत खडक बहुतांशी तोच असतो. गुळाची ढेप वरून कडक आणि उन्हात राहिलेली बाजू मऊ, पण गूळ तोच, तसं. तपमान १३०० अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की खडक घनच राहतो, पण लाखो वर्षांच्या हिशोबात वाहू लागतो. पुस्तकातल्या चित्रात तिथे लालभडक रस्सा दाखवतात, तो मनातून काढून टाका.

आता बघायचं कसं? पी लहर खालून वर येताना एखाद्या सीमेवर आदळली की तिची थोडी ऊर्जा एस लहर (भूकंपाची दुसरी, हळू जाणारी लहर) होऊन वर येते. पी पुढे निघून जाते, एस मागून येते. शिवनेरी आणि लालपरी एकाच फाट्यावरून एकाच वेळी सुटल्या आणि स्वारगेटला किती मिनिटांच्या फरकाने पोचल्या हे कळलं, तर फाटा किती लांब ते काढता येतं. तसंच. प्रावरणाच्या वरच्या भागात पी साधारण सेकंदाला ८ किमी, एस साडेचार.

भूकंपमापकाच्या तीन नोंदी असतात. एक उभी, दोन आडव्या. दूरच्या भूकंपाची पी जवळजवळ सरळ खालून येते, म्हणून उभ्या नोंदीत ठळक. तिच्यापासून झालेली एस जमीन आडवी हलवते, म्हणून आडव्या नोंदीत. भूकंप स्वतः कसा गडगडला त्याचा ठसा दोन्हींत सारखाच उतरतो, म्हणून आडवी नोंद उभ्या नोंदीने 'भागायची'. भूकंप जातो आणि आपल्या पायाखालच्या सीमा उरतात. या उरलेल्या रेषेला रिसीव्हर फंक्शन म्हणतात. वेग वाढला तर उंचवटा, कमी झाला तर खड्डा.

३७ किमीवर मोहो असेल तर साडेचार सेकंदांवर झकास उंचवटा येतो. शंभर किमीवर प्लेटचा तळ असेल तर अकरा सेकंदांच्या आसपास खड्डा यायला हवा.

हवा. इथेच भुतं येतात. जेवून लिहितो.

सुगरण_नव्हे | शनिवार, ११:५८

गुळाच्या ढेपेवर सोडून जेवायला गेले. वाचतेय.

शंकासुर | शनिवार, १२:३१

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एक शंका आत्ताच नोंदवतो. मोहोला खडक बदलतो, म्हणून वेग एकदम बदलतो, ठीक. पण तळाला नुसतं तपमान वाढतंय म्हणता. तपमान काय पायरीने वाढतं का? हळूहळूच वाढणार. मग तुमची लहर आपटणार कशावर?

काळाकातळ | शनिवार, १४:१०

शंकासुरा, तू नेमका दुखरा दात दाबलास. आधी भुतं उरकतो.

मोहो इतका ठळक असतो की लहर जमिनीच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जाते, मोहोवर आपटते, पुन्हा वर येते. विहिरीत हाक मारल्यावर दुसरा-तिसरा आवाज येतो तसं. ३७ किमीच्या मोहोचे हे प्रतिध्वनी सुमारे १५ आणि साडेएकोणीस सेकंदांवर येतात. दुसरा तर उलट्या खुणेचा, म्हणजे खड्डा. नवशिक्याने तो खड्डा प्रतिध्वनी न समजता खरी सीमा समजून मोजला, तर साधारण १८० किमीवर वेग कमी होतोय असं दिसतं. अगदी पुस्तकात शोभेल असा प्लेटचा तळ! कवचाच्या मधल्या थरांची भुतं त्याहून अलीकडे, नेमकी दहा-अकरा सेकंदांच्या आसपास घोटाळतात.

यावर तोड म्हणजे उलटा खेळ. एस लहर खालून येताना सीमेवर थोडी पी होते. पी जलद, म्हणून ती एसच्या आधी येते. भुतं मात्र एसच्या नंतर. म्हणजे आधीचं अंगण झाडलेलं. २००० नंतर ही पद्धत रुळली आणि प्लेटचा तळ शोधायला हीच लागली. त्यासाठी भूकंप ५५ ते ८५ अंश लांब हवा, म्हणजे ६,००० ते ९,५०० किमी. जपानचा ईशान्य किनारा पुण्याहून साधारण ६२ अंशांवर, बरोबर पट्ट्यात. तिथे मोठा धक्का बसला की दहा मिनिटांनी पी येते, अठरा-एकोणीस मिनिटांनी एस, आणि एसच्या आधीची ती वीस सेकंदं आमच्या कामाची.

किंमत मोजावी लागतेच. दूरवरून येणारी एस जाडजूड असते, तिची लांबी वीस ते चाळीस किलोमीटर. जाड खडूने बारीक रेघ काढायला सांगितल्यासारखं.

आता शंकासुराचं. तपमान हळूहळू वाढलं तर बदल पन्नास-साठ किमीत पसरायला हवा, आणि पसरलेली सीमा या लहरींना फारशी दिसतच नाही. पण २००५ साली अमेरिकेच्या पूर्व भागाखाली रायकर्ट, फिशर आणि रोंडने यांना ती ९० ते ११० किमीवर दिसली, आणि सगळा बदल ११ किमी किंवा त्याहून कमी जाडीत. नुसत्या उष्णतेने हे जमत नाही. थोडा वितळलेला खडक हवा, नाहीतर खनिजांत मुरलेलं पाणी. यावरची भांडणं अजून चालू आहेत. २०२३ मध्ये हुआ आणि फिशर यांच्या गटाने १५० किमीच्या आसपास वेग परत वाढताना दाखवला, जगभर बऱ्याच ठिकाणी. म्हणजे अर्धवट वितळलेल्या थराला खालूनही काठ आहे.

हर्णै_बंदर | शनिवार, १५:४५

कातळदादा, भूकंपाची वाट बघत बसण्यापेक्षा सुरुंग लावून होत नाही का? आमच्या दापोलीकडे सत्तरच्या दशकात केळशीपासून घाटावर थेट लोणीपर्यंत लोकांनी ठिकठिकाणी भोकं पाडून स्फोट केले होते म्हणे. काका तेव्हा शाळेत. मास्तरांनी वर्गात सांगितलं होतं, "आज जमीन हलेल, घाबरू नका." जमीन काही हलली नाही, पण त्या दिवशी अर्धी शाळा बाहेरच बसली.

काळाकातळ | शनिवार, १६:२०

व्वा, हे सोनं आहे! केळशी ते लोणी आणि गुहागर ते चोरोची, कोयनेच्या आजूबाजूच्या या दोन रेषा हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने घेतल्या होत्या. त्याआधी १९७२ पासून कावली ते उडुपी अशी सहाशे किमीची रेषा सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने. दख्खनच्या बेसॉल्टखाली मोहो कुठे आहे हे पहिल्यांदा नीट कळलं ते अशाच स्फोटांतून. काकांना सांगा, त्यांच्या शाळेच्या अंगणाखालून गेलेली रेष आजही निबंधांत छापतात.

पण स्फोटाने मोहो गाठता येतो, प्लेटचा तळ सहसा नाही. सहसा, कारण न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या बाजूला हे केलंय. पन्नास मीटर खोल भोकांत पाचशे किलोपर्यंत स्फोटकं आणि जमिनीवर शेकडो मापक. तिथे खाली सरकणाऱ्या पॅसिफिक प्लेटचा तळ त्यांना आरशासारखा दिसला. प्लेट ७३ किमी जाड, तळाशी सुमारे १० किमीचा मऊ पट्टा. २०१५ साली छापून आलं. स्फोटाची लहर बारीक असते, त्यामुळे बदल एक किमीहूनही कमी जाडीत झालेला दिसला. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात सुंदर चित्र तेच.

मांजराकाठ | शनिवार, १९:०५

मी किल्लारीपासून वीस किमीवरचा. ३० सप्टेंबर ९३ च्या पहाटे ३:५६ ला मी सात वर्षांचा होतो, बाकी लिहीत नाही. एकच विचारतो. या तळाचा आणि आमच्या भूकंपाचा संबंध आहे का? आणि हे सगळं मोजून पुढचा कळणार आहे का?

काळाकातळ | शनिवार, १९:४०

कळणार नाही. सरळच सांगतो. किल्लारीचा भूकंप दहा किलोमीटरच्या आतला, कवचाच्या वरच्या भागातला. नंतर तिथे विवर खणलं तर ३३८ मीटर बेसॉल्ट, मग थोडा गाळ आणि खाली जुना ग्रॅनाइटी खडक. मी लिहितोय ते त्याच्या दहापट खाली आहे. जाड प्लेट आणि पातळ प्लेट ताण वेगवेगळा वाहतात, एवढाच दूरचा संबंध. त्यावरून गाव, तारीख काही काढता येत नाही.

सुगरण_नव्हे | शनिवार, २१:१५

आता मुद्द्यावर या. 'पातळ म्हणून पळाली' हे कुठून आलं?

काळाकातळ | शनिवार, २२:०२

ताई, २००७ साली 'नेचर' मध्ये आलेल्या निबंधातून. हैदराबादचे प्रकाश कुमार आणि त्यांचे जर्मन-भारतीय सहकारी. वर सांगितलेली एस पद्धत वापरून त्यांनी गोंडवनाच्या, म्हणजे दक्षिणेकडचे खंड एकत्र असलेल्या जुन्या महाखंडाच्या, तुकड्यांची जाडी मोजली. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, यांची मुळं (म्हणजे प्लेट खाली जिथवर जाते ती जाडी) १८० ते ३०० किमी. भारताचं मात्र शंभरच्या आसपास. त्यांचं म्हणणं, गोंडवन फोडणाऱ्या उष्ण झोताने भारताच्या प्लेटचा खालचा अर्धा भाग वितळवला. नांगर तुटलेली होडी जशी सुटेल तसा भारत सुटला, आणि क्रेटेशियस काळाच्या शेवटी, साधारण साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी, वर्षाला १८ ते २० सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे धावला. आज सुमारे ५ सेंटिमीटर.

नांगराची उपमा माझी. मला स्वतःला ही कल्पना आवडते. इतकी आटोपशीर आहे की आवडतेच.

गारगोटी | रविवार, ०८:३०

धागा काल वाचला, रात्रभर खटकत होतं. हिऱ्यांचं काय? हिरा टिकायला साधारण दीडशे किमी खोली लागते, आणि तिथला खडक थंड, म्हणजे प्लेटच्या आतला लागतो. आंध्रातल्या अनंतपूरच्या वज्रकरूरला किंबर्लाइटमध्ये, म्हणजे खोलातून वर आलेल्या ज्वालामुखी खडकात, हिरे आहेत. मग शंभर किमीच्या प्लेटमधून हिरे आले कुठून? दुकानातून?

काळाकातळ | रविवार, ०९:१२

गारगोटी, प्रश्न चांगला पण उत्तर सोपं आहे. वज्रकरूरचे किंबर्लाइट सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा मूळ जाड होतं यावर वाद नाहीच. त्या निबंधाप्रमाणे गोंडवन फुटलं त्याला १४ कोटी वर्षं झाली. मूळ त्यानंतर झिजलं असेल. आजोबांच्या फोटोत वाडा दिसतो म्हणून आज वाडा उभा आहे असं नाही.

गारगोटी | रविवार, १०:४७

बरं. आता छत्तीसगडला चला. मैनपूरजवळ बेहराडीह आणि कोडोमाली. किंबर्लाइटच, बेहराडीहला हिरेही आहेत. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं, म्हणजे आपल्या दख्खनच्या लाव्ह्याचे समकालीन. गोंडवन फुटून सात कोटी वर्षं झालेली, भारत सुसाट धावतोय, आणि त्याच वेळी मध्य भारताखाली हिरे टिकतील एवढी जाड, थंड प्लेट आहे. २०१० साली हे वय छापून आलं तेव्हा लेखकांनी हाच आक्षेप घेतला होता. वाडा त्या दिवशीही उभा होता, कातळराव.

शंकासुर | रविवार, १०:५५

*पॉपकॉर्न संपले, दुसरा टोप लावतो*

काळाकातळ | रविवार, १३:३८

गारगोटी, हा मुद्दा मला माहीत होता आणि मी तो गिळला. प्रामाणिकपणे सांगायचं तर वज्रकरूरवर भागेल असं वाटलं. भागलं नाही.

तर मागे येतो. शंभर किमीवर काहीच नाही असं म्हणता येत नाही. नोंदींत खड्डा आहे, तो बऱ्याच केंद्रांवर दिसतो. पण लहर एवढंच सांगते की 'इथे वेग कमी झाला'. 'प्लेटचा तळ' ही पाटी आम्ही लावतो. आणि ही गडबड भारतापुरती नाही. २००९ मध्ये रायकर्ट आणि शियरर यांनी जगभरच्या नोंदी तपासल्या. महासागरी बेटांखाली ही सीमा सरासरी ७० किमीवर, तरुण, हलत्या भूभागांखाली ८१, आणि अतिप्राचीन खंडांखाली ९५. आता अतिप्राचीन खंडांची मुळं दोनशे किमी आहेत हे हिरे सांगतात, उष्णतेचे मोजमाप सांगतात, पृष्ठलहरीही (जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरणाऱ्या भूकंपलहरी) सांगतात. मग ९५ वर काय दिसतंय?

उत्तर आता बऱ्यापैकी मान्य झालंय. प्राचीन खंडांखाली प्लेटच्या पोटातच एक सीमा असते, साधारण ८० ते १०० किमीवर. तिला मध्य-शिलावरण सीमा म्हणतात. कशाने झाली यावर एकमत नाही. कुणी म्हणतं पाणी धरून ठेवणारी खनिजं तिथे साठलीत, कुणी म्हणतं जुन्या वितळरसाचा गोठलेला थर, कुणी म्हणतं खनिजांचे दाणे वर एका दिशेने आणि खाली दुसऱ्या दिशेने लागलेत. आणि खरा तळ? तो प्राचीन खंडांखाली इतका हळूहळू बदलतो की आमच्या जाड खडूला दिसतच नाही. शंकासुराने काल दुपारी तेच विचारलं होतं.

दक्षिण भारतातल्या धारवाडच्या अतिप्राचीन भूभागाखाली पृष्ठलहरींवरून नंतर झालेल्या कामांत मूळ शंभरपेक्षा बरंच जाड निघतं. म्हणजे २००७ च्या मंडळींनी मोजलं ते चूक म्हणायचं माझ्या जिवावर येतं. पाटी चुकली असं मात्र आज मला वाटतं, निदान दक्षिणेत. पश्चिम किनाऱ्याकडे आणि खंबातकडे, जिथे दख्खनच्या वेळी खालून खरंच भाजून निघालं, तिथे प्लेट पातळ असेल तर मला नवल वाटणार नाही. आख्ख्या भारताला एकच आकडा चिकटवणं, तिथेच गाडी घसरते.

सुगरण_नव्हे | रविवार, १४:२०

म्हणजे पोळीचा पापुद्रा मोजून पोळी एवढीच जाड म्हणालात.

काळाकातळ | रविवार, १४:२६

ताई, दोन दिवस मी जे लिहितोय ते तुम्ही एका ओळीत संपवलंत. हो.

हर्णै_बंदर | रविवार, १६:०३

काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मोहो सापडला ना? मग आमची शाळा वाया गेली नाही."

पायथनपाटील | मंगळवार, ००:४८

मंडळी, धागा वर काढतोय. हैदराबादच्या केंद्राच्या जुन्या नोंदी फुकट उतरवता येतात, ओब्स्पायमध्ये (भूकंपाच्या नोंदी हाताळायचं पायथनमधलं सॉफ्टवेअर) दोन रात्री घालवल्या. स्वच्छ पी असलेले ३१ भूकंप निवडले, आडवी नोंद उभ्या नोंदीने भागली, सगळ्यांची सरासरी घेतली. चार सेकंदांवर देखणा उंचवटा. १३.४ ला दुसरा, बुटका. आणि साडेसतराला खड्डा! वेग कमी! हिशोब केला तर १६० किमीच्या आसपास. गारगोटीच्या हिऱ्यांना पुरेल एवढी खोली. बायकोला उठवून दाखवलं.

काळाकातळ | मंगळवार, ०७:१५

पाटील, वहिनींना झोपू द्या. हैदराबादला मोहो ३३ किमीच्या आसपास आहे. चार सेकंदांवर तो स्वतः. १३.४ ला त्याचा पहिला प्रतिध्वनी, साडेसतराला दुसरा, उलट्या खुणेचा. शनिवारी दुपारी लिहिलेलं भूत ते हेच. पण मनापासून सांगतो, दोन रात्रींत भूत इतकं नेमक्या जागी येणं म्हणजे तुमचं गणित चोख आहे. माझं पहिलं भूत ओळखायला मला चार महिने लागले होते.

दहा-अकराला काय दिसतंय?

पायथनपाटील | मंगळवार, ०७:४०

हात्तिच्या. दहा-अकराला काहीतरी वळवळतंय, पण निम्मे भूकंप काढून टाकले की जागा बदलतं. एस करून बघू का?

काळाकातळ | मंगळवार, ०७:४४

करा. ५५ ते ८५ अंशांतले, एस स्वच्छ असलेले किती मिळतात?

पायथनपाटील | मंगळवार, २३:३०

सहा.

काळाकातळ | मंगळवार, २३:३२

साठ झाले की या.